चुन्याचा उजेड

व्हाइटलो, डर्बीशायर
४ ऑक्टोबर १८८६

रूबेन, बाळा,

तुला एक आजी होती, आठवतं का? विसरला असशील म्हणून खूण सांगते. बुटकी, नाकावर चामखीळ, आणि तू लंडनला निघालास तेव्हा स्टेशनावर तुझ्या खिशात लोण्याचा डबा कोंबणारी. तो डबाही परत आला नाही. डबा विसरलास ते सोड, डब्यामागची बाई तरी आठव. सहा आठवडे झाले तुझी ओळ नाही.

हे पत्र शाळेच्या मास्तरीणबाई, मिस थॉर्प, लिहून घेतायत. ‘चामखीळ’ लिहायला त्या तयार नव्हत्या. मी म्हटलं, नाक माझं आहे.

काल चॅपलमध्ये बाहेरगावचे उपदेशक आले होते. खाणमालकाच्या बायकोने नवा बाजा दिलाय, आणि पहिल्या बाकावर बसून ती त्या बाजापेक्षा जास्त वाजत होती. उपदेशक निघताना हळूच म्हणाले, “बाईंना लाइमलाइटमध्ये राहायची हौस दिसते.” सगळे हसले. मीही हसले, कारण चारचौघांत न हसणारी म्हातारी बहिरी ठरते. पण घरी येऊन विचारात पडले. लाइमलाइट, म्हणजे चुन्याचा उजेड, असंच ना? चौसष्ट वर्षं मी चुन्याच्या भट्ट्यांखाली काढली. चुना भिंतीला लागतो, शेताला लागतो, फुप्फुसाला लागतो. त्याचा उजेड पडलेला मी एकदाही पाहिला नाही.

तू नाटकघरात दिव्यांचं काम करतोस ना? मग सांग, ही काय भानगड आहे. चुन्याचं नाव ऐकलं की मला बरं वाटत नाही. तू जाताना बापाच्या थडग्यावर हात ठेवून काय बोलला होतास, ते तुझ्या लक्षात असेलच. डब्यासारखं ते विसरला नसशील.

ओटच्या भाकऱ्या पाठवतेय.

तुझी आजी,
डॉर्कस बॅगशॉ


लॅम्बेथ, लंडन
१२ ऑक्टोबर १८८६

आजी,

भाकऱ्या पोचल्या. वाटेत त्यांचे दगड झाले. एक खाली पडली तर घरमालकीण वर विचारायला आली की काय कोसळलं. तरी खाल्ल्या.

तू उगाच काळजी करतेस. लाइमलाइट हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, ज्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळलेल्या, तो लाइमलाइटमध्ये आहे म्हणतात. हल्ली वर्तमानपत्रवाले मंत्र्यांबद्दलही तसं लिहितात. मूळ शब्द नाटकघरातला. रंगमंचावर मुख्य नट आला की वरच्या माळ्यावरून त्याच्यावर पांढराशुभ्र झोत टाकतात, तो चुन्याच्या कांडीतून निघतो. आमच्याकडे हॅरी नावाचा एकजण ते काम करतो. कठीण काम आहे. कांड्या पत्र्याच्या डब्यात मेण लावून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर इथल्या दमट हवेत रात्रीत त्यांचा भुगा होतो. बोटांना भेगा पडतात त्याच्या. पण गमतीही असतात. झोत आपल्यावर जरा जास्त वेळ राहावा म्हणून नटमंडळी हॅरीला बिअरचे पैसे देतात. इथला रिवाजच आहे तो. मिस अडेला व्हर्नी नावाची एक बाई आहे, नाताळच्या खेळात तिला तिसऱ्या परीचं काम मिळालंय, एकच गाणं. तीसुद्धा देते.

मी गॅसच्या दिव्यांकडे असतो. तू निर्धास्त राहा.

रूबेन


व्हाइटलो
२४ ऑक्टोबर १८८६

बाळा,

हॅरीला माझा नमस्कार सांग. बोटांच्या भेगांना मेंढीची चरबी लावायला सांग, लोणी नको. आणि त्याच्या आजीला निरोप दे की तिचा नातू खोटं बोलतो.

तुझी पत्रं मी उशाखाली ठेवते. मला अक्षर लागत नाही, पण कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवते. तू लिहीत नाहीस, नांगरतोस. दुसऱ्या बाजूला सगळे उंचवटे येतात. हॅरीच्या ओळींवर तर कागद फाटायचाच राहिलाय. मिस थॉर्पना म्हटलं, इथे काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. “बोटांना भेगा पडतात त्याच्या.” हो का?

मी रागावले नाही. म्हणजे रागावलेय, पण ते नंतर. आधी कारण सांगते. तुझा बाप चुन्याने भाजून गेला नाही, गावात सांगतात तसा खड्ड्यातही पडला नाही. थंडी होती म्हणून भट्टीच्या तोंडाशी ऊब घ्यायला आडवा झाला. भट्टीचा वायू वास देत नाही. सकाळी वर गेले तर गाल गुलाबी, हाक मारली असती तर उठला असता असा. तू तीन वर्षांचा होतास. म्हणून लंडनला जाताना मी तुझ्याकडून शब्द घेतला होता, चुन्याला हात लावणार नाहीस असा.

आता खरं लिही. चुन्यातून उजेड कसा काढतात, तू नक्की कुठे उभा असतोस, आणि काय बिघडू शकतं. शेवटचं आधी लिहिलंस तरी चालेल.

आजी


लॅम्बेथ
७ नोव्हेंबर १८८६

आजी,

हॅरी कुणीच नाही. मीच आहे.

मी झाडूवाला म्हणून लागलो होतो. एकदा दिवेवाल्याने नव्या कांड्यांचा डबा उघडा टाकला. मी लांबून पाहूनच म्हणालो, या संध्याकाळपर्यंत फुटतील. फुटल्या. दुसऱ्या दिवशी मला माळ्यावर चढवलं. इथे कुणाला चुना कळत नाही गं. मला कळतो, याला मी काय करू?

तर ऐक. कातड्याच्या दोन मोठ्या पिशव्या, दोन वेगळे वायू. त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर वजनं. दोन नळ्या एका तोंडाशी येतात, तिथे ज्योत. ती ज्योत दिसायला काहीच नाही, निळसर. ती कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडायची. कांडी केवढी? तुझ्या दोऱ्याच्या रिळाएवढी. ती तापते आणि आजी, ती उजळते. लाकडासारखी लाल नाही, मेणबत्तीसारखी पिवळी नाही. बर्फावर ऊन पडतं ना, तशी. मी माळ्यावरून ती एका माणसावर टाकतो आणि दोन हजार डोकी तिकडे वळतात. कदाचित ती कांडी आपल्याच डोंगरातली असेल. आपल्या माणसांनी जे उरावर घेतलं, त्याच्याकडे लोक तोंड उघडं टाकून बघतात. ते एकदा बघ, मग मला ओरड.

काय बिघडतं? कांडी दर मिनिटाला जराशी फिरवावी लागते. नाही फिरवली तर ज्योत एकाच जागी खड्डा पाडते, आणि मग आग उलटी येते किंवा कांडी तडकते. म्हणून एक हात कांडी फिरवायच्या खिळीवर, एक हात दिव्यावर. मी कधी चुकत नाही.

मिस व्हर्नीकडून मी पैसे घेतले. वाईट बाई नाही ती. अकरा वर्षं तिसरी परी आहे. म्हणते, “एकदा तरी पेपरात माझं नाव छापून येऊ दे, मग मी मरायला मोकळी.”

रूबेन


व्हाइटलो
१४ नोव्हेंबर १८८६

बाळा,

मिस थॉर्पनी तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी त्यांचाच आवाज बसला. बर्फावरचं ऊन मी पाहिलंय, त्याने डोळे दुखतात.

परत ये म्हणणार नाही. म्हटलं तर तू हॅरीला परत आणशील. पण एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही. तुला हात दोन. एक कांडीवर, एक दिव्यावर, ठीक. ती बाई आपल्या जागेवरून हलली तर? दिवा तिच्यामागे फिरवायला दुसराही हात लागेल. मग कांडी कोण फिरवणार, मी?

म्हणून सांगते. ती हलली तर तिला जाऊ दे. अंधारात उभं राहून आजवर कुणी मेलेलं नाही. मी सगळा जन्म तिथेच काढला, मला काय झालं? घेतलेले पैसे परत कर. ज्याच्याकडून बिअर घेतली त्याच्याकडे मान वळतेच, आणि तुझी मान तर लहानपणापासून सैल.

नाताळचा खेळ कधी सुरू होतो ते कळव. त्या दिवसापासून मी मोजत बसेन.

आजी


लॅम्बेथ
४ जानेवारी १८८७

प्रिय आजीसाहेब,

आपणांस नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. आमचा खेळ सत्तावीस तारखेला सुरू झाला आणि उदंड यश मिळाले. सर्व वर्तमानपत्रांनी कौतुक केले आहे. मी अत्यंत आनंदात आहे. किंचित सर्दी झाल्यामुळे विस्ताराने लिहीत नाही. आपण नाताळनिमित्त पाठविलेल्या भाकऱ्या फारच रुचकर होत्या, त्याबद्दल शतशः आभार. आपण कोणतीही चिंता करू नये. पुढील काही आठवडे कामाच्या गर्दीमुळे पत्र लिहिणे जमणार नाही, तरी गैरसमज नसावा.

आपला आज्ञाधारक नातू,
रूबेन बॅगशॉ


व्हाइटलो
८ जानेवारी १८८७

हे पत्र ज्यांनी लिहिलं त्यांना,

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. रूबेन नाही एवढं नक्की.

मिस थॉर्प वाचत होत्या तेव्हा मी कागद मागून घेतला आणि उलटा करून बोट फिरवलं. गुळगुळीत. एक उंचवटा नाही. तुमचा हात फार हलका आहे, छान घरात शिकला असेल. आणि माझ्या भाकरीला आजवर कुणी रुचकर म्हटलेलं नाही. रूबेनने म्हटलं तर मी डॉक्टरला बोलावते.

मग मी बसून विचार केला. हात भाजला असता तर त्याने कुणाकडून तरी लिहून घेतलं असतं, हे खरं. पण लिहून झाल्यावर वाचलं असतं. ‘आजीसाहेब’ वाचून तो एवढा हसला असता की कागदावर शाई सांडली असती. हे पत्र त्याने वाचलेलं नाही. वाचता येणाऱ्याने असं पत्र आपल्या नावाने जाऊ दिलं नसतं.

म्हणजे हात नाही. डोळे.

खरं असेल तर तसं लिहा. खोटं असेल तर त्याच्या हातची एक ओळ पाठवा, वाकडी चालेल. मला साखर लावून काही नको. तुमच्या मनात दया असेल ती त्याच्यासाठी ठेवा, मला फक्त खरं हवं, आणि ते परतीच्या टपालाने.

डॉर्कस बॅगशॉ

(लिहिणारीची एक ओळ, यांना न सांगता: ते पत्र आल्यापासून या खुर्चीतच बसून आहेत. जेवण होत नाही. कृपया उशीर करू नये. वि. थॉर्प.)


लॅम्बेथ
११ जानेवारी १८८७

मिसेस बॅगशॉ,

तुमचं बरोबर आहे. पत्र मी लिहिलं. ‘मी बरा आहे एवढंच कळवा,’ असं रूबेन म्हणाला. बाकीचं मी माझ्या मनाने घातलं, मला वाटलं चांगलं लिहिलंय.

मी अडेला व्हर्नी. ते नाव पाटीवरचं आहे. खरी मी एडा टब, डेप्टफर्डच्या दोरखंडवाल्याची मुलगी.

दुसऱ्या रात्री झालं. रंगमंचावर खडूने फुली काढलेली असते, तिच्यावर उभं राहून मी गायचं. रूबेनने मला बजावलं होतं, “बाई, फुलीच्या डावीकडे जाऊ नका. तिकडे दिवा वळवायचा तर मला दोन्ही हात लागतात.” त्याने माझे पैसेही परत केले होते. कारण सांगितलं नाही. पण त्या रात्री डाव्या बाजूच्या सज्जात एका मोठ्या वर्तमानपत्राचा माणूस बसलाय, असं मला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या कडव्याला मी डावीकडे सरकले. पाच पावलं. मला वाटलं तो झोत तिथेच ठेवील आणि मी जरा अंधारातून जाईन. त्याने तसं केलं नाही. उजेड माझ्याबरोबर आला. का आणलास म्हणून मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, “तुम्ही इतकं छान कधीच गायला नव्हता. बंद करवेना.”

कांडी फिरवायची राहिली. ती तडकून तिचे तुकडे त्याच्या चेहऱ्यावर उडाले. तो ओरडला नाही. आधी डोळे मिटून चाचपडत दोन्ही नळ्यांच्या चाव्या बंद केल्या. रंगमंचाचा सुतार सांगतो, त्या बंद केल्या नसत्या तर पिशव्या उडाल्या असत्या, आणि खाली लोक खचाखच. आम्हांला फक्त अंधार झालेला कळला. लोकांना वाटलं गाण्याचा शेवटच तसा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कारही केला.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार एवढं कळतं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, पट्टी महिन्याने काढू, तेव्हा काय असेल ते असेल. मालकांनी त्याला कामावरून कमी केलं आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव आलं. दीड ओळ. मी तो पेपर विकत घेतलेला नाही.

एडा टब


व्हाइटलो
१३ जानेवारी १८८७

एडा,

तुला शिव्या द्यायच्या होत्या. मिस थॉर्प लिहीत नाहीत. तोंडी दिल्या आहेत, त्या वाटेत कुठेतरी पोचतील.

आता काम ऐक. त्या रात्री लगेच डोळ्यांत पाणी घातलं होतं का ते विचारून कळव. थेंबभर पाण्याने चुना पेटतो, बादलीभराने विझतो. लोक घाबरून थेंबच घालतात. बादली ओतली असेल तर मला आशा आहे.

दवाखान्याने सोडलं की त्याला घरी पाठव. एकटा नको. त्याला ‘बिचारा’ म्हणणारं माणूसही सोबत नको. तो सुतार चालेल.

माझ्यापासून काही लपवू नकोस, आणि त्याच्यापासून माझी ही पत्रं लपवू नकोस. वाचून दाखव. शिव्यांच्या जागी जरा थांब, त्याला कळेल.

डॉर्कस बॅगशॉ


व्हाइटलो
९ फेब्रुवारी १८८७

एडा, पोरी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. सुताराने दोन बादल्या ओतल्या होत्या हे वाचून दाखवल्यावर मी त्या रात्री झोपले. रूबेनसोबत त्या सुतारालाच इकडे पाठवलंस हे चांगलं केलंस. भला माणूस आहे. माझ्या चार भाकऱ्या खाऊन त्याने पाचवी मागितली, तेव्हा मला त्याच्या पोटाची भीती वाटली. नव्या दिवेवाल्यासाठी तू फुलीवरच उभी राहतेस असं लिहिलंस. राहा.

शुक्रवारी पट्टी काढली. आणि खरी पंचाईत तिथून पुढे सुरू झाली.

तो म्हणतो, “दिसतंय, आजी.” मी काहीही समोर धरलं की म्हणतो दिसतंय. मला बरं वाटावं म्हणून म्हणतो, हे मला कळतं. तो माझ्याच हाताखाली खोटं बोलायला शिकलाय. पण पकडू कसा? घर त्याचं पाठ आहे. खुर्ची कुठे, पायरी कुठे, सगळं पायांना ठाऊक. परवा वाटी धरली.

“हे काय?”

“वाटी.”

“कसली?”

“पांढरी.”

“पांढरी तर इथे कोंबडीसुद्धा असते, लेका.”

“मग कोंबडी धर. ती ओरडेल तेव्हा सांगतो.”

असा हसतो आणि मला भीती वाटते. कारण या गावात खरोखरच दुसरा रंग नाही. भिंत पांढरी, रस्ता चुन्याचा, बाहेर गुडघाभर बर्फ, मिस थॉर्पचा एप्रन पांढरा, भाकरी राखेच्या रंगाची, आणि माझे कपडे नवऱ्याच्या आणि पोराच्या मागे काळेच राहिले. काल तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “बर्फ पडतोय का गं?” पडत होता. मी हातातलं टाकून उठले. पण मग आठवलं, बर्फ पडायला लागला की घर गप्प होतं, ते मिटल्या डोळ्यांनाही कळतं. म्हणून ते मी जमेस धरलं नाही.

तो कानाने बघतोय की उरलेल्या डाव्या डोळ्याने, हे मला कळायला हवं. त्याला दिसत असेल तर भट्टीपासून लांब बघण्याचं एखादं काम शोधीन. दिसत नसेल तर मी किती वर्षं पुरेन आणि नंतर त्याचा हात कोण धरील, हे आत्ताच ठरवायला हवं. दोन्हीला मी तयार आहे. मधल्यामध्ये लटकून राहायला तयार नाही.

काय पाठवू म्हणून तू विचारलंस. मिठाई नको, पैसे नकोत. संत्रीही नकोत, चोर वासावरून ओळखेल. सफरचंदं पाठव. एक डझन. सहा लाल, सहा हिरवी, सगळी एका मापाची, गुळगुळीत, हाताला फरक लागणार नाही अशी. वास येतो तो सारखाच हवा, म्हणून आधी दोन दिवस एकाच पेटीत मिसळून ठेव. मी एकेक त्याच्यासमोर धरणार. बरोबर सांगितलं ते त्याने खायचं, चुकलं ते मी. म्हणून हिरवी घेताना दाबून बघ, फार कडक नकोत. मला दात तीनच उरलेत, आणि बारा म्हणजे बारा खावी लागली तरी मी खाणार आहे.

डॉर्कस बॅगशॉ